चिखल्या, गजकर्ण, केसतूड आणि घसा: पावसाळ्यात झाडपाला कसा वापरायचा आणि कुठे थांबायचं

दर वर्षी जून संपता संपता माझ्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ठाण्याहून लोकल, उतरून घोटाभर पाण्यातून ऑफिस, आणि मग दिवसभर एसीत ओले बूट घालून बसायचं, होणार नाहीतर काय. सासूबाई संगमेश्वरकडच्या, त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक पाला असतो. मी आधी हसायचे, मग एकदा गरज पडली तेव्हा एकदम दुसऱ्या टोकाला गेले आणि मोबाईलवर दिसेल तो घरगुती उपाय करत सुटले, आणि त्यात मांडी भाजून घेतली (ते पुढे येईलच). तीन पावसाळे धडपडल्यावर आता जरा घडी बसलीय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, वैद्य पण नाही. हे घरच्या घरी करता येईल एवढ्या छोट्या इन्फेक्शनपुरतंच आहे.

१. आधी झालंय काय ते ठरवा

ही पायरी सगळे गाळतात, मी पण गाळली होती. "इन्फेक्शन झालंय" एवढं पुरत नाही, कारण बुरशी वेगळी, बॅक्टेरिया वेगळे, व्हायरस वेगळा, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

बोटांच्या बेचक्यात पांढरी पडलेली, भिजल्यासारखी, सोलणारी, वास येणारी कातडी म्हणजे चिखल्या. बहुतेक वेळा बुरशी, कधी वर बॅक्टेरियाही येऊन बसतात. जांघेत, कमरेवर, काखेत गोल चट्टा, कडा लाल आणि उठलेली, मधे जरा बरं झाल्यासारखं आणि रात्री मरणाची खाज, हे गजकर्ण किंवा नायटा, म्हणजे नक्की बुरशी. केसाच्या मुळाशी दुखरा गळू आला की केसतूड, ते बॅक्टेरियाचं काम. पापणीच्या कडेला आली तर रांजणवाडी, साधारण त्याच जातीची. आणि घसा धरणं, सर्दी, खोकला बहुतेक वेळा व्हायरसचं असतं, त्याला अँटिबायोटिकही लागत नाही आणि तुळशीने तो मरतही नाही. तुळशीच्या काढ्याने बरं वाटतं, घसा शेकला जातो, आणि आजार आपल्या चालीने साधारण आठवड्या-दहा दिवसांत जातो. हे कळलं की काढ्याकडून भलत्या अपेक्षा राहत नाहीत.

ओळखता येत नसेल तर उजेडात मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, तारखेसकट. शेवटी तो कामाला येतो.

२. सामान जमवा

फार काही लागत नाही, पण पाऊस सुरू व्हायच्या आधी जमवलं तर बरं, कारण जुलैत पाला वाळत नाही, कुजतो.

- कडुनिंबाचा पाला, सावलीत वाळवलेला, दोन-तीन मुठी
- चांगली हळद पावडर
- खोबरेल, आणि मिळालं तर करंजाचं तेल (वास भयानक असतो, आधीच सांगते)
- कुंडीत तुळस आणि अडुळसा
- काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमधाच्या काड्या आणि टाकळ्याचं बी
- मीठ, मध, लवंगा
- सुती कापडाचे वेगळे तुकडे, फक्त इन्फेक्शनच्या जागेसाठी
- थर्मामीटर. हो, झाडपाल्याच्या यादीत थर्मामीटर, कारण ताप मोजल्याशिवाय कुठे थांबायचं ते कळणार नाही

अडुळशासाठी नर्सरीत पैसे घालवू नका, कोणाच्या तरी कुंपणाची बोटभर जाडीची फांदी आणून मातीत खोचा, लागते. आमच्या गॅलरीत जेमतेम दोन तास ऊन येतं तरी वाढलाय.

हळदीबद्दल थोडं जास्त सांगते. सांगलीची किंवा वर्ध्याकडची वायगावची हळद मिळाली तर उत्तमच, दोन्हीला जीआय मानांकन (त्या त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का) आहे. पण सुट्या हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट म्हणजे चक्क शिसं मिसळलेलं सापडतं, आणि तीच आपण उघड्या जखमेवर लावतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका, न ढवळता ठेवा. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, कृत्रिम रंग मिसळला असेल तर पाणी एकदम भडक पिवळं होतं (शिसं यात पकडलं जाईलच असं नाही). मी अख्खं हळकुंड आणून घरी कुटते, जड काम आहे पण वर्षाला पाव किलो पुरते.

आणि हळद लावणं म्हणजे अडाणीपणा असं कोणी म्हटलं तर हे ऐकवा: हळदीने जखम बरी होते यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं, रघुनाथ माशेलकर सर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआरने (विज्ञान संशोधनाची सरकारी संस्था) जुने ग्रंथ पुढे करून ते लढवलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावरचं युरोपातलं पेटंटही असंच २००० साली रद्द झालं, २००५ ला त्यावरचं अपील पण फेटाळलं. दोन्ही वेळा मुद्दा एकच होता, की हे आमच्याकडे घरोघर आधीपासून माहीत आहे. (म्हणून हळदीने सगळं बरं होतं असा अर्थ मात्र काढू नका, पेटंट रद्द होणं आणि औषध लागू पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत.)

३. झाड नक्की तेच आहे ना, ते बघा

सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे.

कडुनिंब आणि बकाण निंब लांबून सारखेच दिसतात. कडुनिंबाचं पान म्हणजे एक काडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोयत्यासारखी वाकडी, करवती कडेची पानं. बकाणाला त्या काडीलाच परत छोट्या काड्या फुटतात आणि त्यांच्यावर पानं असतात. बकाणाची फळं विषारी असतात. शंका आली तर चव बघण्यापेक्षा काड्या बघा.

टाकळा आपण पहिल्या पावसात भाजीला आणतो तोच. संस्कृतमध्ये त्याला चक्रमर्द आणि दद्रुघ्न म्हणतात, दद्रु म्हणजे गजकर्ण, नावातच औषध आहे. पानं गोलसर टोकाची, बहुतेक तीन जोड्या, शेंग बारीक लांब. त्याचाच भाऊबंद कासविंदा, पानं टोकदार, जोड्या जास्त, शेंग चपटी, चुरगळली की घाण वास. कासविंद्याचं बी खाऊन उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावलेली आहेत. म्हणून बी घरात ठेवायचं तर बरणीवर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं.

गुळवेलीचं कोविडच्या काळात काय झालं ते आठवत असेल. जो उठतो तो गुळवेल पीत होता, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीने असं होऊ शकतं. त्या दुसरीच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे खूप असतात म्हणतात. मला दोन्ही वेली शेजारी ठेवल्या तरी खात्रीने सांगता येणार नाही, म्हणून मी गुळवेल तोडून आणून पीतच नाही. वैद्यांनी लिहून दिली तरच.

अजून एक, रस्त्याकडेचा आणि सोसायटीतला पाला घेऊ नका. आमच्या बिल्डिंगमध्ये दर पंधरा दिवसांनी धुराची फवारणी होते, ती सगळी त्या कडुनिंबावरच बसते.

४. चिखल्या

पहिल्या वर्षी मी ओल्या पायांवरच हळद-तेल फासून मोजे घातले आणि दोन दिवसांत बेचकं चिरलं. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या, "अगं, पाय कोरडे कर आधी, मग काय तो पाला लाव. ओल्यावर तेल म्हणजे बुरशीला पांघरूण घालतेयस तू." झालं, तिथेच अर्धी विद्या मिळाली.

आता मी असं करते. घरी आल्या आल्या साबणाने पाय धुवायचे. मूठभर कडुनिंबाचा पाला दोन लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळायचा, कोमट झालं की गाळून त्यात पाय दहा मिनिटं बुडवायचे. मग प्रत्येक बेचकं वेगळं, सुती कापडाने टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि पंख्याखाली पाय पसरून पंधरा मिनिटं गप्प बसायचं. ही पंधरा मिनिटं कोणी देत नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो. कातडी हाताला सुकी, जरा खरखरीत लागली की झोपताना कडुनिंबाच्या तेलाचं बोट फिरवायचं, अगदी पातळ. सकाळी तेल लावायचं नाही, कोरडेच मोजे.

ते तेल घरी करताना पाला कुरकुरीत वाळलेला हवा, मुठीत दाबला की चुरा झाला पाहिजे. एक वाटी खोबरेल मंद आचेवर, त्यात मूठभर चुरा. आधी बारीक चुरचुर आवाज येतो, बुडबुडे येतात, ते पाल्यात राहिलेलं पाणी. आवाज थांबला की गॅस बंद, पाला काळा करायचा नाही. गार झाल्यावर गाळून कोरड्या बाटलीत. माझी पहिली बाटली ओल्या पाल्यामुळे आठवड्यात खवट झाली आणि वर पांढरं जाळं आलं, म्हणजे बुरशीच्या औषधावरच बुरशी.

आमच्याकडे चिखल्यांना मेंदीचा पाला वाटूनही लावतात, तो पण चालतो, सुकवतो छान. फक्त ताजा पाला घ्या. बाजारातला काळ्या मेंदीचा कोन अजिबात नको, त्यात केसांच्या डायचं केमिकल असतं, फोड येतात.

बुटांच्या दोन जोड्या आलटून पालटून, मोजे गरम पाण्यात धुऊन इस्त्री. सात दिवसांत फरक नाही पडला तर पुढच्या पायऱ्यांत न जाता सरळ डॉक्टर. आणि डायबेटीस असेल तर पायावर यातलं काहीच करू नका, पहिल्याच दिवशी दाखवा.

५. गजकर्ण (इथे मी माती खाल्ली)

मांडीला रुपयाएवढा चट्टा आला. लाजेपोटी डॉक्टरकडे गेले नाही, जवळच्या केमिस्टने एक ट्यूब दिली, चार दिवसांत खाज गायब, मी खूश. ट्यूब संपली आणि पंधरा दिवसांत तो चट्टा तळहाताएवढा, शेजारी अजून दोन. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडने खाज आणि लाली दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. तर ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही लिहिलेलं असेल तर स्वतःच्या मनाने लावू नका.

मग चिडून मी झाडपाल्याकडे वळले आणि कुठेतरी बघून लसूण ठेचून त्यावर बांधली, रात्रभर. लसणीत बुरशी मारायची ताकद आहे हे खरं, पण ती कातडी पण तशीच भाजते. सकाळी पाण्याने भरलेला फोड. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलेच, त्यांनी फोड बघितला, चष्म्यावरनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लसूण भाजीत घालायची, मांडीवर नाही." पुढे दोन महिने गोळ्या.

आता माझा नियम असा की चट्टा एकच असेल, रुपयापेक्षा लहान असेल, चेहऱ्यावर, डोक्यात किंवा जांघेच्या नाजूक जागी नसेल, तरच घरचा उपाय आणि तोही फक्त एक आठवडा. टाकळ्याचं बी जरासं भाजून, कुटून, आंबट ताकात वाटून लेप करायचा, अर्धा तास ठेवून धुवायचा आणि पूर्ण कोरडं करायचं. काही जण लिंबाच्या रसात वाटतात, सोललेल्या कातडीवर ते आग आग करतं, मी नाही करत. रात्री करंजाचं तेल थेंबभर, चट्ट्याच्या कडेच्या बाहेर बोटभर जागेपर्यंत, कारण बुरशी कडेला जिवंत असते. कुठलाही लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, लाल झालं तर सोडून द्या.

आठवड्यात कड बसली नाही तर थांबा. गेल्या काही वर्षांत आपल्याकडचं गजकर्ण फार चिवट झालंय, टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधालाही दाद देत नाही अशा केसेस आहेत, तिथे माझ्या ताकातल्या लेपाची काय कथा. आणि टॉवेल, चादर, कपडे वेगळे ठेवा, नाहीतर घरात एकाचं जातं आणि दुसऱ्याचं येतं.

६. केसतूड, रांजणवाडी, खरचटणं

केसतुडाला शेक हाच मुख्य उपाय, दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं, गरम पाण्यात पिळलेल्या कापडाने. जवसाचं पीठ आणि हळद शिजवून पोटीस बांधतात ती काय करते, तर शेक जास्त वेळ टिकवते. पोटीस मनगटावर सोसेल इतकीच गरम. फोडायचं नाही, पिळायचं नाही, आणि नाकाच्या आसपास किंवा वरच्या ओठावर असेल तर हातच लावू नका.

रांजणवाडीवर लवंग उगाळून लावतात. आमच्या घरी पण लावायचे. मी नाही लावत, डोळ्यात गेली तर काय होतं ते एकदा बघितलंय. फक्त कोमट शेक. डोळ्यात मध, तुळशीचा रस, गुलाबपाणी, काहीही घालू नका.

खरचटलं तर गावाकडे दगडी पाला (कुणी कंबरमोडी म्हणतात) चोळून रस सोडतात, रक्त थांबायला. शेतात दुसरं काही हाताशी नसेल तर ठीक. घरी असाल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणं त्याच्यापेक्षा चांगलं, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

७. घसा आणि खोकला

गुळण्या: ग्लासभर कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, चिमूटभर हळद, दिवसातून तीन-चार वेळा. ज्येष्ठमधाची काडी चघळली की घशाला लगेच आराम पडतो, पण बीपी असेल तर नको, ती बीपी वाढवते आणि पोटॅशियम उतरवते. हे मला पण उशिरा कळलं, बाबा महिनाभर चघळत होते.

अडुळशाची गंमत सांगते. पान कितीही वाटा, रस निघत नाही, हिरवी चोथट गोळी होते आणि मिक्सर तापतो. चार-पाच पिकत आलेली पानं धुऊन, भाताच्या कुकरमध्ये वरच्या डब्यात वाफवा, मऊ पडतात, मग फडक्यात घालून पिळली की दोन-तीन चमचे काळपट हिरवा रस येतो. एक चमचा रस, एक चमचा मध, दिवसातून दोनदा, तीन दिवस. कडू जहर असतं. कफ सुटतो. खोकल्याच्या सिरपमध्ये ब्रोमहेक्झिन किंवा ॲम्ब्रॉक्सॉल लिहिलेलं असतं ना, त्याचं मूळ अडुळशातल्या वासिसिन नावाच्या घटकातच आहे, त्यामुळे सिरप आणि रस दोन्ही एकत्र ढोसू नका. गरोदर बाईने अडुळसा घ्यायचाच नाही, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, बोटावर चाटवायचा पण नाही, आजी कितीही म्हणाली तरी. कडुनिंबाचं तेलही बाळाच्या पोटात जाता कामा नये.

पाला उकळायचा, वाफवायचा की गारच पिळायचा याने फरक पडतो. चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चं नोबेल ज्या मलेरियाच्या औषधासाठी मिळालं त्याची गोष्टच ही आहे: वनस्पती उकळून काढलेल्या अर्काचा भरवसा नव्हता, मग जुन्या ग्रंथात "पाण्यात भिजवून पिळा" असं सापडलं आणि त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला. म्हणून सासूबाई वाफव म्हणाल्या की मी वाफवते, आपलं डोकं लावून उकळत नाही.

काढा रोज, वर्षभर, "इम्युनिटी"साठी पिऊ नका. रक्त पातळ करायच्या, शुगरच्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

८. इथे पाला बाजूला ठेवायचा

- ताप १०१ च्या वर, किंवा तीन दिवसांपेक्षा जास्त
- जखमेभोवती लाली पसरतेय, लाल रेघ वर चढतेय, पू, सूज
- श्वास लागणं, गिळता न येणं, लाळ गळणं
- लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप
- डोळा लाल आणि दुखतोय
- लहान बाळ, गरोदर बाई, डायबेटीस, किडनी-लिव्हरचा आजार

आणि पायाला जखम किंवा चिखल्या असताना तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) गोळी घ्यायची की नाही ते २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा, महापालिकेच्या दवाखान्यात पण सांगतात. लेप्टोला, डेंग्यूला, मलेरियाला गॅलरीतल्या कुंडीत उत्तर नाही.

९. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

पहिल्या दिवशीचा फोटो, आजचा फोटो, लावलेल्या ट्यूबचा खोका (रिकामा असला तरी), आणि काय काय पाला, किती दिवस, लावला की प्यायलात, ते कागदावर. लपवू नका. मी लसणीचं आधी "काहीतरी चावलं असेल" म्हणून सांगितलं होतं, डॉक्टरांनी नुसता वास घेतला.

तेल लावून जाऊ नका, तपासायला डॉक्टर ब्लेडने कडेची साल खरवडून घेतात आणि तेलकट साल नीट दिसत नाही, मला परत यायला लावलं होतं.

टाकळ्याचं बी यंदा घ्यायचं राहिलं असेल तर पाऊस संपल्यावर शेंगा तडकायच्या आत जा, आमच्या गावी तेव्हा भरपूर उभा असतो, पण आधी ती शेंग बारीक आहे की चपटी ते बघा.